वावरातून बायपास चाललाय, टोल नाकाही गावाजवळच म्हणतात. २१ दिवसांत नेमकं काय काय करायचं?

हिंगण्याचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी राहतो मनीषनगरात, नोकरी बुटीबोरीला, पण आमचं वडिलोपार्जित वावर हिंगणा तालुक्यात आहे. बाबा आता थकले, काकाजी मात्र अजूनही रोज सकाळी जाऊन येतात. मागच्या महिन्यात काकाजींचा फोन आला, अरे आपल्या धुऱ्यावर कोणी पिवळा दगड गाडून गेलं बे, तू बोलला होता का कोणाशी? मी म्हटलं वीजवाले असतील नाहीतर कोण्या लेआउटवाल्याचं काम असंल, आणि विसरून गेलो.

आता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. चार लेनचा बायपास, केंद्राचा, राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ए ची अधिसूचना, खाली गट नंबरांची ही लांबलचक यादी. त्यात आमचा गट, जाणार ०.७४ हेक्टर. एकूण वावर १.९० हेक्टर. पाऊण हेक्टर जाते त्याचं दुःख आहेच, पण खरी गोम अशी की रस्ता तिरपा जातो, म्हणजे विहीर एका बाजूला आणि संत्र्याची बाग दुसऱ्या बाजूला. मधून चार लेन. पाईप काय हवेतून नेऊ का?

आणखी एक. हरकतीला २१ दिवस आहेत असं लिहिलंय. पेपरात जाहिरात आली १९ तारखेला, म्हणून आम्ही १९ पासून मोजत होतो, पण शेजारच्या गावातला एक जण म्हणाला राजपत्र ७ तारखेचं आहे. मग १२ दिवस असेच गेले का?

परवा गावात मीटिंग झाली. एका नेत्याचा माणूस आला होता, छापील फॉर्म वाटून गेला, संमतीपत्र म्हणे, रकमेची जागा कोरी. सही करून द्या, समृद्धीसारखे पाच पट मिळतील. अर्ध्या लोकांनी तिथेच अंगठे लावले. वरून असंही ऐकलं की बायपासला टोल लागणार आणि नाका आमच्या फाट्याच्या अलीकडेच, म्हणजे बाबांना दवाखान्यात आणायचं तरी टोल.

मी रस्त्याच्या विरोधात नाही हो. अमरावती रोडनं वाडीच्या गर्दीत मीही तास तास अडकतो. पण हा सौदा नेमका काय ठरलाय, कोणाशी ठरलाय, नाका कुठे, किती वर्षं, हे आम्हाला कुठून कळणार? कोणी हे सगळं केलं असेल तर सांगा.

निवृत्त_अव्वल_कारकून

पोट्ट्या, आधी पाणी पी. महसूल खात्यात माझी हयात गेली, त्यातली बरीच वर्षं भूसंपादनाच्या टेबलावर, म्हणून सांगतो.

तो कोरा फॉर्म कोणी भरला असेल तर आजच जाऊन लेखी कळवा की मी रकमेशिवाय संमती दिलेली नाही. कायद्याप्रमाणं महामार्गाच्या संपादनाला तुमची संमती लागतच नाही, मग तो फॉर्म आला कुठून आणि जाणार कुठे हा प्रश्न विचारा ना त्या माणसाला.

तारखेचं तुझ्या शेजाऱ्याचं बरोबर आहे. कलम ३सी मध्ये २१ दिवस राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून लिहिलेत. पेपरात दोन ठिकाणी द्यावं लागतं, त्यातला एक स्थानिक भाषेतला, पण ती जाहिरात उशिरा येते आणि लोक पेपरच्या तारखेला मुहूर्त धरून बसतात. तू ७ पासूनच मोज. पेपरपासून मोजायचं का राजपत्रापासून हा वाद वकिलाला घालू दे, तू आपला आतल्या तारखेत अर्ज टाक.

आता हरकतीत काय लिहायचं. इथे सगळे घसरतात. ३सी ची हरकत जमिनीच्या वापराबद्दल असते, भावाबद्दल नाही. लोक चार पानं लिहितात, आमची जमीन सोन्यासारखी, एकरी एवढे कोटी द्या, आणि अधिकारी एका ओळीत लिहितो की मोबदल्याचा मुद्दा या टप्प्यावर येत नाही, हरकत अमान्य. तू लिही की आखणी ३० मीटर उत्तरेला नेली तर पांदण रस्त्याच्या कडेनं जाते आणि विहीर-बाग एका बाजूला राहते, सोबत गावनकाशावर लाल पेनानं रेघ. नाही सरकवता आली तर अंडरपास अमुक जागी हवा, पाईप न्यायला मोरी हवी, नाल्याचं पाणी अडणार नाही याची सोय हवी. आणि शेवटी, मला प्रत्यक्ष सुनावणी पाहिजे. मागितली की सुनावणी द्यावी लागते. वकील नेता येतो.

सगळ्यात महत्त्वाचं, पोच. दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. साहेब नाहीत, नंतर या म्हणाले तर तिथूनच सरळ पोस्टात जा, स्पीड पोस्ट, पोचपावतीसकट.

पुढचा टप्पा ३डी, म्हणजे जमीन घेतल्याची अधिसूचना. ३ए नंतर एका वर्षाच्या आत ३डी निघाली नाही तर पहिली अधिसूचना रद्द होते. निघाली की मात्र जमीन केंद्र सरकारची, सातबाऱ्यावर तुझं नाव दिसलं तरी. हे सगळं भूमिराशी पोर्टलवर आणि ई-राजपत्रावर पाहता येतं, दर सोमवारी सवयीनं उघडून पाहा.

आणि ते पाच पट. समृद्धीला पाच पट कसे झाले ते समजून घे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव काढतात, त्याला गुणांक लावतात, ग्रामीण भागात १ ते २ मध्ये राज्य ठरवतं, मग त्याच्यावर तेवढंच दिलासा रक्कम म्हणून. म्हणजे बाजारभाव १० लाख, गुणांक २ तर २०, दिलासा धरून ४०. समृद्धीत थेट खरेदी होती, राजीखुशीनं दिलं म्हणून वर २५ टक्के, ते झाले ५०. तुझ्याकडे थेट खरेदी नाही, सक्तीचं संपादन आहे, आणि गुणांक १ लागला तर ते ४० चे २० होतात. तेव्हा मीटिंगमध्ये पाच पट म्हणणाऱ्याला विचार, गुणांक किती, अधिसूचना दाखव. भाव पटला नाही तर पुढे कोर्टात वाढवून मागता येतोच.

काटोल_रोडची_ताई

वरच्या कारकून काकाजींनी कायद्याचं सांगितलं, मी वावरातलं सांगते. माझ्या माहेरी हे झालंय, बाबा तेव्हा एकटे होते आणि आम्ही दोघी बहिणी पुण्यात, त्यामुळे मोजणीच्या दिवशी कोणीच नव्हतं.

संयुक्त मोजणीचा कागद हातात आला तेव्हा संत्र्याची झाडं ६४ लिहिलेली. बाग आमची ११२ ची. मोजणीवाल्यांनी रस्त्याच्या कडेनं दिसतील तेवढी मोजली आणि चहा घेऊन गेले. विहीर आमची नाहीच, कारण ती सामाईक आणि सातबारा काकांच्या नावचा. जमीन कोरडवाहू. जिथं आंबिया बहाराचं पाणी बाबा रात्री दोनला उठून सोडायचे, ते वावर कोरडवाहू!

दादा, एक गोष्ट नीट लक्षात घे, दिलासा रक्कम १०० टक्के असते ती झाडं, विहीर, पाईपलाईन सगळं धरून असते. म्हणजे लिहायचं राहिलेलं एक झाड दोनदा बुडतं.

म्हणून मोजणीची नोटीस यायच्या आधीच स्वतः मोजा. आम्ही दुसऱ्या वेळी (हो, दोन वर्षांनी सर्व्हिस रोडसाठी आणखी पट्टी गेली) चुना कालवला आणि प्रत्येक खोडावर नंबर टाकला, १ पासून सुरू, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता व्हिडिओ काढला, लोकेशन आणि तारीख दिसेल असा. झाडाचं वय पण महत्त्वाचं, फळावर आलेलं झाड आणि तीन वर्षांचं रोप यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कलमं आणली तेव्हाची नर्सरीची पावती असेल तर सोनं समजा. ओलीत सिद्ध करायला कृषी पंपाचं वीज बिल, ई-पीक पाहणीची नोंद, बँकेनं पाईपलाईनला कर्ज दिलं असेल तर तो कागद. जमिनीतला पाईप कोणालाच दिसत नाही, दोन ठिकाणी उकरून फोटो काढून ठेवा.

सागाची झाडं असतील तर त्यांचं मूल्यांकन वन विभागाकडून, फळझाडांचं कृषी खात्याकडून, विहीर-बांधकामाचं बांधकाम विभागाकडून. तीन ऑफिसं, तीन चकरा. एकाचा अहवाल आला नाही म्हणून मोबदल्याचा निवाडा थांबतो, किंवा आणखी वाईट म्हणजे थांबत नाही, तसाच निघतो.

विहीर सामाईक असेल तर आत्ताच तुझ्या काकाजींसोबत बसून हिस्सा कसा लिहायचा ते ठरवून घ्या. पैसे आल्यावर ठरवू म्हटलं की घरात महाभारत. आमच्याकडे दोन भावांमध्ये दोन वर्षं बोलणं नव्हतं, एका मोटारीच्या खोलीवरून.

आणि मोजणीच्या कागदावर सही करायला सांगतील, तिथे फक्त सही करू नका. "झाडांची संख्या मान्य नाही, वेगळा अर्ज दिला आहे" असं सहीच्या वर लिहा. बाबांनी सरळ सही केली होती, तीच सही नंतर प्रत्येक टेबलावर आम्हाला दाखवली.

बेसा_पिपळा_एक्सप्रेस

काही होत नाही भाऊ. आपल्याच शहराचा खासदार केंद्रात रस्तेमंत्री, तुम्ही काय हरकती घेऊन राहिले. पैसे घ्या, बेसा-पिपळ्यात दोन फ्लॅट घ्या, भाडं खा. संत्र्याला तसाही भाव काय मिळून राहिला?

हिंगण्याचा_पोट्टा

@बेसा_पिपळा_एक्सप्रेस काकाजींना सांगून पाहतो, तुमचा पत्ता द्या फक्त, ते स्वतःच येतील भेटायला 😀

ताई, व्हिडिओचं डोक्यातच नव्हतं आलं. या रविवारी जातो. टोलबद्दल कोणी सांगेल का?

नाक्यावरचा_नागपूरकर

टोलवर मी. रोज गोंडखैरीच्या टोल नाक्यावरून जाणं-येणं आहे, त्यामुळे हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा म्हणा किंवा जखमेचा म्हणा.

पहिल्यांदा हे शोध की रस्ता कोणत्या पद्धतीनं बांधताहेत. बीओटी असेल तर कंपनी पैसे घालते आणि ठरलेली वर्षं टोल तीच गोळा करते. हॅम असेल तर बांधकामाच्या काळात ४० टक्के सरकार देतं आणि बाकीचे हप्त्यानं, टोल सरकारकडे. लोक दोन्हीला "कंपनीनं रस्ता बांधला" म्हणतात, पण टोलचा हिशोब कोणाला विचारायचा ते यावरून ठरतं. आणि रस्ता राज्याचा असता तर सगळंच वेगळं, तो टोल मोटार वाहन कर कायदा १९५८ च्या कलम २० खाली लागतो, खालचे नियम तिथे लागू नाहीत. म्हणून तर २०२५ ला ३००० रुपयांचा २०० फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास काढून लोक समृद्धीवर गेले आणि बॅलन्स कटल्यावर बोंबलत बसले. समृद्धीच्या शिवमडका नाक्यावर दर आठवड्याला एक तरी भांडण ऐकू येतं.

केंद्राच्या रस्त्याला २००८ चे फी नियम. नाका महापालिका किंवा नगराच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या बाहेर पाहिजे. आत आणायचा तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि ५ च्या आत तर नाहीच, मुख्यतः त्या शहरातल्याच लोकांसाठी बांधलेला बायपास-पूल असेल तर तेवढी पळवाट आहे. दोन नाक्यांत ६० किलोमीटर हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातही बायपास, मोठा पूल, बोगदा यांना सूट आहे हे कोणी सांगत नाही. तुमचा बायपास आहे! म्हणून ६० किलोमीटरवर भांडत बसू नका, तिथे हरणार. "१० च्या आत का, लेखी कारण दाखवा" यावर भांडा.

बाबांच्या दवाखान्याचं: नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खाजगी गाडीला महिन्याचा लोकल पास मिळतो, २०२५-२६ ला ३५० रुपये. पण पर्यायी रस्ता किंवा सर्व्हिस रोड उपलब्ध असेल तर पास नाकारता येतो. गंमत कळली का? सर्व्हिस रोड नीट बांधला तर पास नाही, आणि कागदावर बांधलाय पण प्रत्यक्षात खड्डे आहेत तर पासही नाही रस्ताही नाही. म्हणून गाडीची आरसी गावाच्या पत्त्यावर आहे का ते बघ, मनीषनगरच्या पत्त्यावर असेल तर तुझं काम कठीण.

आता सौदा बघायचा कसा. करारनामा माहितीच्या अधिकारात माग, पण "करार द्या" एवढंच लिहू नको, अनुसूचीसकट माग. करार स्वतः सगळीकडे सारखाच छापील असतो, खरी गोष्ट अनुसूचीत. शेड्यूल बी मध्ये काय काय बांधायचं, कुठल्या किलोमीटरला अंडरपास, कुठे मोरी, सर्व्हिस रोड किती लांब. शेड्यूल सी मध्ये नाका, बस थांबे. तुमचा अंडरपास त्यात नसेल तर नंतर तो "चेंज ऑफ स्कोप" होतो, म्हणजे वेगळे पैसे, वेगळी मंजुरी, तोवर तुमची बैलबंडी चार लेन ओलांडणार. करारावर सही व्हायच्या आधी डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) मध्ये टाकून घेतलं तर तेच काम फुकटात होतं.

केंद्राच्या कार्यालयाला अर्ज करशील तर ५०० शब्द चालतात, राज्याच्या कार्यालयाला १५० शब्द आणि एकच विषय. फी दोन्हीकडे १० रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील. "व्यापारी गुपित आहे" म्हणून नाकारतील, कलम ८(१)(डी), तेव्हा घाबरायचं नाही, त्याच कलमात लिहिलंय की मोठं जनहित असेल तर द्यावं लागतं, आणि सरकारनं केलेला करार जनतेपासून गुपित कसा हा मुद्दा अपिलात टिकतो.

सगळ्यात भारी कलम मला सापडलं ते टार्गेट ट्रॅफिकचं. बीओटीच्या नमुना करारात एक तारीख आणि त्या तारखेला अपेक्षित वाहनसंख्या लिहिलेली असते. प्रत्यक्षात गाड्या कमी निघाल्या तर दर १ टक्का कमीला टोलची मुदत दीड टक्का वाढते, जास्तीत जास्त २० टक्क्यांपर्यंत. गाड्या जास्त निघाल्या तर दर १ टक्क्याला पाऊण टक्का मुदत कमी होते, तीही १० टक्क्यांपर्यंतच. कमी मोजल्या तर कोणाचा फायदा, तुम्हीच बघा. म्हणून मोजणी कोणी केली, कोणत्या महिन्यात, सोमवारी की रविवारी, हे विचारायचं. आम्ही चौघांनी एकदा नाक्यासमोरच्या टपरीवर आळीपाळीनं बसून २४ तास मोजल्या, वहीत पाच-पाचच्या रेघा, ट्रक वेगळे कार वेगळ्या. रात्री तीनला ट्रकची अशी रांग लागते की रेघा मारता मारता हात दुखतो. टपरीवाल्यानं सकाळी विचारलं, तुम्ही सीबीआयचे का जी.

हे नुसतं करून काय होतं असं म्हणणाऱ्यांसाठी, कोल्हापूर. शहरातल्याच जवळपास ५० किलोमीटर रस्त्यांना टोल लावला होता, लोक कृती समिती करून उतरले, एन. डी. पाटलांसारखी वयस्कर माणसं मोर्चात पुढे, आणि नुसत्या घोषणा नाहीत, रस्त्याचं फेरमूल्यांकन करायला लावलं, काय बांधलं काय नाही ते. २०१५ च्या शेवटी टोल गेला. अर्थात कंपनीचे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्याच खिशातून गेले, हेही खरं. करार झाल्यावर जाग आली की स्वस्तात सुटका नसते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला २००४ साली ९१८ कोटी एकरकमी घेऊन १५ वर्षांचा टोल दिला होता, पुण्यातले लोक आरटीआय टाकून टाकून हिशोब मांडत होते की वसुली झाली, २०१९ ला मुदत संपली, टोल चालूच.

वऱ्हाडी_इन_ऑस्टिन

मूळ धरमपेठचा, आता टेक्सास. इथलं थोडं सांगतो, कारण वाचताना हसूच आलं, अमेरिकेतले शेतकरी हेच भांडले.

२००२ साली इथल्या गव्हर्नरनं ट्रान्स-टेक्सास कॉरिडॉर जाहीर केला होता. ६४०० किलोमीटर, काही ठिकाणी १२०० फूट रुंद, टोल रस्ता, रेल्वे, पाईपलाईन सगळं एकत्र, आणि एका परदेशी कंपनीच्या भागीदारीशी करार. गावोगावच्या सुनावण्यांना रँचवाले ट्रॅक्टर घेऊन यायचे. त्यांचा राग दोन गोष्टींवर होता, जमीन सक्तीनं घेणार आणि कराराचे भाग लोकांना दाखवत नव्हते. २००९ ला सरकारनं गुंडाळला, २०११ ला कायद्यातूनही काढला. तेव्हा जखम ताजी होती, २००५ ला केलो खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं सांगितलं होतं की खाजगी विकासासाठीही घर संपादित करता येतं. त्यावर अख्खा देश पेटला, टेक्साससकट बऱ्याच राज्यांनी आपापले कायदे कडक केले.

त्यातला एक तुकडा मात्र बांधला गेला, आमच्या घरापासून लांब नाही, एसएच १३० चा दक्षिणेचा भाग. २०१२ ला सुरू, ताशी ८५ मैल, देशातली सगळ्यात जास्त वेगमर्यादा. गाड्या अंदाजाप्रमाणे आल्याच नाहीत आणि २०१६ ला कंपनी दिवाळखोरीत. ट्रॅफिकचे अंदाज कोण काढतं हे विचारा असं वर लिहिलंय ना, ते अगदी बरोबर.

एक गोष्ट तुमच्या करारात जरूर शोधा. कॅलिफोर्नियात एसआर ९१ वर खाजगी टोल लेन होत्या, करारात कलम की शेजारचा फुकट रस्ता सरकारनं सुधारायचा नाही, स्पर्धा नको. बाजूच्या रस्त्यावर लोक अडकून मेले पण रुंद करता येईना. शेवटी २००३ ला तिथल्या काउंटीनं त्या लेन २०.७५ कोटी डॉलरला विकतच घेतल्या. तुमच्याकडे असं काही आहे का?

नाक्यावरचा_नागपूरकर

@वऱ्हाडी_इन_ऑस्टिन आहे ना! "अतिरिक्त टोलमार्ग" म्हणून कलम असतं, ठरावीक वर्षं समांतर टोल रस्ता काढायचा नाही. आपल्याकडे तो दुसऱ्या टोल रस्त्यापुरता आहे, जुना रस्ता दुरुस्त करायला बंदी नाही. पण जुना रस्ता दुरुस्त न करायला कलम कुठे लागतं आपल्याकडे 😑

हायकोर्टाच्या_पायरीवर

वकील आहे, नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस करते, एक-दोन गोष्टी दुरुस्त करते. कारकून काकाजी रागावू नका, पण "कोर्टात वाढवून मागता येतो" हे या प्रकरणात सरळ लागू नाही. २०१३ च्या कायद्याखाली थेट संपादन असतं तर कलम ६४ चा संदर्भ अर्ज करून प्राधिकरणाकडे जाता आलं असतं. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात रस्ता वेगळा आहे, रक्कम मान्य नसेल तर कलम ३जी(५) खाली लवादाकडे, आणि लवाद केंद्र सरकारच नेमतं. त्याच्या निवाड्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम ३४ चा अर्ज करता येतो, पण तिथे कोर्ट नव्यानं भाव काढत बसत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये हकीम प्रकरणात हे स्पष्ट केलं. याचा अर्थ एवढाच की जे काही पुरावे आहेत ते लवादासमोरच सगळे ठेवा, पुढे संधी नाही. लोक लवादाकडे दोन पानी अर्ज देतात आणि खरेदीखतं कोर्टासाठी राखून ठेवतात.

खरेदीखतं म्हणजे कोणती? २०१३ च्या कायद्याच्या कलम २६ मध्ये रेडी रेकनरचा (सरकारी किमतीच्या तक्त्यातला) दर आणि गेल्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांतल्या वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यातलं जे जास्त ते. तेव्हा दुय्यम निबंधकाकडे जाऊन तुमच्या गावची आणि लगतच्या गावांची तीन वर्षांची खतं काढा. कमी किमतीची जास्त खतं जोडून सरासरी खाली आणली जाते, वरची निम्मीच धरायची हे मुद्दाम दाखवून द्यावं लागतं.

विहीर-बाग वेगळी पडते त्याबद्दल: ३जी(७) मध्ये तुकडा पडल्यामुळे उरलेल्या जमिनीचं होणारं नुकसान हा मोबदल्याचा स्वतंत्र मुद्दा आहे. न मागता कोणी देत नाही. मागा. नवी बोअर, नवं वीज कनेक्शन, पाईप, याचं अंदाजपत्रक जोडा.

हरकतीवर सुनावणी नावापुरती झाली तर हायकोर्टात रिट करता येतं. २०२४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात राज्यघटनेच्या कलम ३००ए (मालमत्तेचा हक्क) खाली सात गोष्टी सांगितल्या, त्यात नोटीस, ऐकून घेणं आणि कारणांसह निर्णय हे पहिले तीन. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत राहिला नाही हे खरं, पण म्हणून कोणी एका ओळीत "अमान्य" लिहून मोकळं व्हावं असंही नाही.

आणि टीडीएस. २०१३ च्या कायद्याच्या कलम ९६ नं मोबदल्यावर आयकर नाही, आयकर खात्याचं २०१६ चं ३६ नंबरचं परिपत्रक आहे. कापला असेल तर रिटर्न भरून परत मागा, शेती करतो मला रिटर्न कशाला म्हणून सोडू नका.

निवृत्त_अव्वल_कारकून

रागावतो कशाला ताई, बरोबर आहे तुमचं. आमच्या टेबलावर बहुतेक पाटबंधाऱ्याची प्रकरणं असायची, तोच हात बसला.

हिंगण्याचा_पोट्टा

अपडेट देतो. हरकत काल दिली, राजपत्राच्या हिशोबानं १८ वा दिवस होता. बाबू म्हणाला एकच प्रत पुरे, शिक्का कशाला पाहिजे. मी म्हटलं असू द्या जी, घरी म्हातारे आहेत, दाखवावं लागते. शिक्का मारला, पण आवक नंबर टाकायला पाऊण तास. कोऱ्या फॉर्मवर सही केलेल्या ११ जणांचं पत्रही सोबत दिलं, बाकीचे अजून म्हणतात पाहू.

आरटीआय दोन टाकले, एकात डीपीआर मधला वाहनमोजणीचा भाग, एकात नाक्याची प्रस्तावित जागा आणि १० किलोमीटरच्या आत असेल तर त्याचं लेखी कारण. करार अजून झालेलाच नाही असं तोंडी कळलं, म्हणजे शेड्यूल बी मध्ये अंडरपास घुसवायला वेळ आहे.

रविवारी बागेत गेलो. चुना काकाजींनीच कालवला. मला वाटायचं ऐंशीएक झाडं असतील, नंबर १०७ पर्यंत गेला. ५३ नंबरच्या झाडापाशी काकाजी थांबले, म्हणे हे तुझ्या जन्माच्या वर्षी लावलेलं, नर्सरीची पावती तुझ्या आजीच्या पेटीत असंल. सापडली पण! उंदरानं कोपरा खाल्लाय, वर्ष दिसते. ताई, कोपरा नसेल तर चालते ना?

विहिरीच्या हिश्श्यावर बाबा आणि काकाजींमध्ये आत्ताच थोडी शब्दाला शब्द झाली, पण कागद लिहून झाला.

पुढच्या शनिवारी सकाळी ६ पासून रविवारी सकाळी ६ पर्यंत आमच्या फाट्यावर गाड्या मोजायच्या ठरवल्यात, डीपीआरचे आकडे आले की ताडून पाहायला. सहा जण आहेत, रात्री १ ते ४ च्या पाळीला कोणीच तयार नाही. वाडी, दाभा, हिंगणा बाजूचं कोणी येत असेल तर इथेच लिहा, वह्या आमच्या, सकाळचे तर्री पोहे काकाजींकडून.

बेसा_पिपळा_एक्सप्रेस

१ ते ४ मी येतो. तर्री जास्त ठेवा.